नोकियाचा निर्णय आणि त्याचा विपाक

इ. स. २०११ च्या फेब्रुवारी महिन्याची ११ वी तारीख आधुनिक उद्योगधंद्यांच्या इतिहासांत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशीं लंडन येथें फिनलंडच्या नोकिया कंपनीनें जाहीर केलें कीं, यापुढें आपल्या उंची फोनांसाठीं आपण स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम सोडून अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज फोन' ही प्रणाली स्वीकारणार आहों. त्यानंतर सव्वातीन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच, २५ एप्रिल २०१४ रोजीं, नोकियाचा सबंध फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा झाला. जगांत पहिल्या क्रमांकाची म्हणून मिरविणारी कंपनी एवढ्या अल्पावधींत आपला मुख्य धंदा गमावून बसली, ही घटना एखाद्या राज्याच्या अस्ताहून कमी उद्बोधक नाहीं.

या घटनेविषयीं एक ठरीव मत सर्वत्र ऐकूं येतें. नोकियानें त्या वेळीं गूगलची 'अँड्रॉइड' प्रणाली घेतली असती तर ती वांचली असती. बाहेरून आणलेल्या मुख्य अधिकाऱ्याच्या पक्षपातामुळें तिनें विंडोज घेतलें आणि म्हणून ती बुडाली, असें तें मत आहे. मत सुटसुटीत आहे. परंतु सुटसुटीत मतांविषयीं इतिहासाच्या अभ्यासकानें थोडें साशंक असावें हें बरें. शेवट ठाऊक असलेल्या माणसास मधला रस्ता सरळ दिसतो. निर्णय करणारास शेवट ठाऊक नसतो. म्हणून नोकियापुढें त्या वेळीं कोणते मार्ग होते, आणि जें घडलें त्यांतील किती भाग त्या निवडीचा व किती तिच्या आगच्यामागच्या कृतींचा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

नोकियाचा आरंभ फोनांनीं झालेला नाहीं. १८६५ सालीं फ्रेडरिक इडेस्टाम यानें टँपेरे येथें लांकडाच्या लगद्याची गिरणी काढली. पुढें नोकिया गांवाजवळ दुसरी गिरणी निघाली व त्या गांवाचें नांव कंपनीस मिळालें. रबराचा आणि तारांचा असे आणखी दोन कारखाने तिच्याशीं जोडले गेले व १९६७ सालीं तिघांचें एकीकरण झालें. रबरी बूट विकणाऱ्या या कंपनीनें १९९२ नंतर, योर्मा ओलिला यांच्या कारकीर्दींत, इतर धंदे एकामागून एक सोडून दूरध्वनीवर सर्व भार ठेवला, आणि १९९८ सालीं अमेरिकेच्या मोटोरोलास मागें टाकून ती जगांत पहिली झाली. तें पहिलेपण तिनें चौदा वर्षें टिकविलें. वेळ येतांच जुनें टाकून नवें धरण्याची हिंमत या कंपनीच्या अंगीं नव्हती, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

आपल्या देशांत तर मोबाईल म्हणजे नोकिया असें समीकरणच कांहीं वर्षें होतें. २००३ सालीं निघालेला ११०० हा फोन, धुळीस दाद न देणारीं बटणें व माथ्यावरचा टॉर्च यांमुळें, खेड्यापाड्यांत पोंचला. त्या एका प्रकारचे २५ कोटींहून अधिक फोन जगभर खपले. २००६ पासून चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथें तिचा मोठा कारखाना चालूं झाला. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीनें विशेष सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, शेतकऱ्यास बाजारभाव, हवामान व शेतीचा सल्ला संदेशरूपानें देणारी 'नोकिया लाइफ टूल्स' ही सेवा २००९ सालीं प्रथम आपल्याच राज्यांत सुरू झाली. आमच्या हिंगणघाटकडे कापसाच्या भावावर घराघरांतील लग्नकार्यें व मुलांचीं शिक्षणें ठरतात. अशा मुलखांत साध्या फोनावर मातृभाषेंत भाव वाचावयास मिळण्याची किंमत काय, हें निराळें सांगावयास नको.

आतां ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, तें थोडें स्पष्ट करूं. फोनाची पेटी, पडदा व विजेरी हीं झालीं शरीर. त्यांस चालविणारी व इतर सर्व कार्यक्रमांस आधार देणारी मूळ व्यवस्था ती ही प्रणाली. परंतु तिचें खरें सामर्थ्य तिच्या आंतील कारागिरीपेक्षां तिच्या भोंवतीं भरणाऱ्या बाजारांत असतें. ज्या प्रणालीचे ग्राहक पुष्कळ, तिच्यासाठीं ॲप लिहिणारे पुष्कळ; आणि जिच्यासाठीं ॲप पुष्कळ, तिच्याकडे ग्राहकांचा ओढा. जेथें व्यापारी अधिक तेथेंच शेतकरी गाड्या नेतो, आणि जेथें गाड्या अधिक येतात तेथेंच व्यापारी बसतो, तसाच हा प्रकार होय. एकदां बाजार एके ठिकाणीं भरूं लागला म्हणजे शेजारच्या गांवीं कितीही चांगले ओटे बांधले तरी तेथें गर्दी जमत नाहीं.

नोकियाची स्वतःची प्रणाली 'सिंबियन' ही होती. १९९८ सालीं सायन या इंग्रज कंपनीच्या कामावर ती उभारली गेली. त्या वेळीं फोनांत स्मरणशक्ति थोडी व विजेरी लहान असे, आणि त्या काटकसरीच्या युगास ती फार अनुरूप होती. परंतु २००७ च्या जानेवारींत ॲपल कंपनीनें आयफोन दाखविला आणि बोटानें पडदा सरकविण्याचें नवें युग सुरू झालें. पुढच्याच वर्षीं अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारांत आला. सिंबियनची बांधणी बटणांच्या फोनांसाठीं. तिजवर स्पर्शाचें काम ठिगळासारखें बसूं लागलें, आणि तिच्यासाठीं ॲप लिहिणें हें मोठें कष्टाचें काम ठरलें. तिची जागा घेण्यासाठीं नोकियानें प्रथम 'मेमो' व पुढें २०१० सालीं इंटेल कंपनीच्या सहकार्यानें 'मीगो' ही प्रणाली हातीं घेतली; परंतु तीं कामें रेंगाळलीं. गंमत अशी कीं, याच २०१० सालीं नोकियानें सुमारे १० कोटी स्मार्टफोन विकले होते. विक्रीचा आंकडा वाढत होता आणि पायाखालची जमीन सरकत होती. आजार वाढत असतांनाही चेहऱ्यावर तेज दिसावें, तशी ही अवस्था होती.

अशा वेळीं, सप्टेंबर २०१० मध्यें, ओली-पेक्का कल्लासवुओ यांच्या जागीं मायक्रोसॉफ्टमधून आलेले कॅनडावासी स्टीफन इलॉप हे मुख्य अधिकारी झाले. त्यांच्यापुढें तीन मार्ग होते. पहिला, सिंबियनची डागडुजी करीत मीगो तयार होईपर्यंत धीर धरणें. दुसरा, अँड्रॉइड घेणें. तिसरा, मायक्रोसॉफ्टचा. पहिल्यांत स्वातंत्र्य होतें, पण वेळ नव्हता. मीगोवरचे फोन पुरेशा संख्येनें केव्हां निघतील याची खात्री नव्हती. दुसऱ्यांत वेळ वांचत होता, कारण बाजार भरलेला होता. पण तेथें सॅमसंग आधींच पाय रोवून उभी होती, सर्वांचे फोन आंतून सारखेच असल्यामुळें स्पर्धा केवळ किंमतीवर आली असती, आणि २००८ सालीं ८ अब्ज डॉलरांहून अधिक देऊन घेतलेल्या नॅव्हटेकच्या नकाशांना गूगलच्या घरांत मानाचें स्थान मिळणें कठीण होतें. तिसऱ्यांत बाजार लहान होता, परंतु त्यांत नोकियाच मुख्य आसामी होणार होती. शिवाय मायक्रोसॉफ्ट दर तिमाहीस २५ कोटी डॉलर देणार होती. हा हिशेब मूर्खाचा नव्हता, असें आमचें मत आहे.

ज्यांनीं दुसरे मार्ग धरले त्यांचें काय झालें तें पाहिलें म्हणजे हें मत अधिक पटेल. मोटोरोलानें अँड्रॉइड घेतलें. तिचा फोनचा धंदा २०१२ सालीं गूगलकडे व २०१४ सालीं लेनोव्होकडे गेला. पहिला अँड्रॉइड फोन करणाऱ्या एचटीसीनें २०१७ सालीं आपल्या कारागिरांचा मोठा गट गूगलला विकण्याचा करार केला. एल. जी. कंपनीनें २०२१ सालीं फोनचा धंदाच आवरला. उलट ब्लॅकबेरीनें स्वतःच्या प्रणालीचा आग्रह २०१५ पर्यंत धरला, आणि २०१६ सालीं स्वतः फोन करणें सोडून दिलें. म्हणजे परकी प्रणाली घेणारे बुडाले व स्वकीय राखणारेही बुडाले. सॅमसंग तरली, पण पडदे व स्मरणाच्या चकत्या ती स्वतःच करीत असे व जाहिरातीस तिच्यापाशीं अमाप द्रव्य होतें. तेव्हां केवळ प्रणालीच्या नांवावर यशापयशाचा निवाडा करणें योग्य होणार नाहीं.

मग नोकियाचें चुकलें कोठें? आमच्या मतें मोठी चूक निवडीपेक्षां ती अमलांत आणण्याच्या रीतींत आहे. त्याच फेब्रुवारींत इलॉप यांनीं नोकरवर्गास एक पत्र लिहिलें. जळत्या तेल-मंचावर उभा असलेला मनुष्य जीव वांचविण्यासाठीं थंडगार समुद्रांत उडी घेतो, अशा दृष्टांतानें त्यांनीं कंपनीची स्थिति वर्णिली. पत्र बाहेर फुटलें. थोड्याच दिवसांत सिंबियन संपणार हेंही जाहीर झालें. पण विंडोजवर चालणारे नोकियाचे पहिले फोन निघावयास त्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडला. जें दुकानांत आहे तें टाकाऊ ठरविलें, आणि जें चांगलें म्हणून सांगितलें तें दुकानांत नाहीं! २०१० च्या शेवटच्या तिमाहींत २ कोटी ८३ लक्ष स्मार्टफोन विकणारी नोकिया २०११ च्या दुसऱ्या तिमाहींत १ कोटी ६७ लक्षांवर आली. नवें पीक हातीं येण्यापूर्वींच कोठारांतील धान्यास आग लावावी, तसें हें झालें. जूनमध्यें दाखविलेल्या 'एन ९' या मीगोच्या फोनाची जाणत्यांनीं वाखाणणी केली. पण कित्येक मोठ्या देशांत तो विक्रीसच ठेवला गेला नाहीं.

दुसरी चूक, अथवा दुसरें दुर्दैव, भागीदाराकडून आलें. २०१२ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज फोन ८' ही नवी आवृत्ति जाहीर केली, आणि आधींच्या ल्युमिया फोनांवर ती चढणार नाहीं असें ठरलें. कांहीं महिन्यांपूर्वीं घेतलेला फोन एका दिवसांत जुना झाला. गूगलनें आपलीं लोकप्रिय ॲप या प्रणालीसाठीं मनापासून कधींच केलीं नाहींत. दोन सिमकार्डांचा फोन हा आपल्याकडील ग्राहकास जिव्हाळ्याचा. मायक्रोमॅक्ससारख्या देशी कंपन्यांनीं त्याच्याच बळावर बाजार काबीज केला होता. पण विंडोजमध्यें ती सोय ल्युमिया ६३० बरोबर २०१४ सालीं आली, तोंवर कंपनी विकली गेली होती. आपल्या ग्राहकाची गरज ओळखूनही ती पुरविण्यासाठीं दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागणें, ही परावलंबनाची खरी किंमत होय.

शेवट सर्वांस विदित आहे. २०१२ च्या पहिल्या तिमाहींत सॅमसंगनें पहिला क्रमांक हिरावला. सप्टेंबर २०१३ मध्यें ५.४४ अब्ज युरोंचा विक्रीचा करार जाहीर झाला. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं यासंबंधांत ७.६ अब्ज डॉलरांची रक्कम बुडीत धरली व हजारों लोक कमी केले. शेतकऱ्यांस भाव सांगणारी सेवा २०१३ च्या अखेरीस बंद पडली. करासंबंधींच्या वादामुळें श्रीपेरुंबुदूरचा कारखाना या विक्रींत जाऊं शकला नाहीं व १ नोव्हेंबर २०१४ पासून तेथील काम थांबलें. हेलसिंकी व लंडन येथें झालेल्या निर्णयाची झळ तामिळ मुलखांतील हजारों तरुण कामगारांच्या चुलींपर्यंत पोंचली, हें इतिहास लिहितांना विसरतां कामा नये. मूळ नोकिया कंपनी मात्र मेली नाहीं. दूरध्वनीच्या जाळ्यांचा धंदा तिनें सांभाळला, २०१६ सालीं अल्काटेल-ल्युसेंट ही मोठी कंपनी आपल्यांत सामावून घेतली, आणि कागदाकडून रबराकडे व रबराकडून फोनाकडे गेलेलें तें घराणें आणखी एकदां नव्या जागीं राहावयास गेलें.

या सर्व कथेंत हिंगणघाटच्या माणसास कांहीं ओळखीचें सांपडतें. एकोणिसाव्या शतकांत येथील 'बनी' कापूस लांब व मऊ धाग्यासाठीं नांवाजला होता. 'हिंगणघाट' हें लिव्हरपूलच्या बाजारांत एका जातीचें नांव झालें होतें. परंतु जाड्या, आंखूड धाग्याच्या कापसास पीक अधिक येई व रुईचा उतारा अधिक पडे. शेतकऱ्यानें तोच पेरावयास घेतला. त्यांत त्याचा दोष काढतां येणार नाहीं, कारण धाग्याच्या गुणाचें मोल त्याच्या पदरीं पुरतें पडत नव्हतें. पुढें २००२ सालीं बीटी कापूस आला. बोंडअळीपासून कांहीं काळ सुटका झाली व पीक वाढलें, परंतु बियाणें दरवर्षीं विकत घेणें भाग पडलें. आणि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत थैमान घातलें तेव्हां शेतकऱ्याच्या हातीं स्वतःचें दुसरें बीं उरलें नव्हतें.

परक्याचें बीं कधींच घेऊं नये, असा याचा अर्थ आम्ही करीत नाहीं. तसें म्हणणें पोटास चिमटा न बसलेल्या माणसाचें होईल. अडचणींत सांपडलेल्यास पुष्कळदां परक्याच्या आधारावांचून गति नसते. पण तो आधार घेतांना आपल्या घरचें बीं एकदम जाळून टाकूं नये, थोडें तरी गाडग्यांत जपून ठेवावें, आणि नवें पीक प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जुन्याची निंदा चव्हाट्यावर करूं नये, एवढें शहाणपण या इतिहासापासून घेण्यासारखें आहे. २०१७ सालीं नोकियाचें नांव पुन्हां नव्या फोनांवर झळकलें. तीं यंत्रें एचएमडी नांवाच्या दुसऱ्या कंपनीचीं होतीं, आणि त्यांतील स्मार्टफोनांच्या आंतील प्रणाली अँड्रॉइड होती. बनी कापूस गेल्यावर हिंगणघाटचें नांव बाजारांत जसें मागें राहिलें, तसेंच हेंही नांव मागें राहिलें. नांव टिकतें तें पूर्वजांच्या पुण्याईनें. माल टिकवावयाचा तर तो ज्याच्या त्यानें स्वतःच पिकवावा लागतो.