सामान्य वाचकाचे मत : मराठी कादंबरीच्या इतिहासाची दुसरी बाजू

१/
समीक्षकाचे मत छापले जाते, पुरस्कार समितीचे जाहीर होते. सामान्य वाचकाचे मत मात्र वाचनालयातील पुस्तकाला चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर उमटते. कोणती कादंबरी हातोहात फिरली आणि कोणती कपाटातच राहिली, हे ती चिठ्ठी भीड न बाळगता सांगते. मराठी कादंबरीचा इतिहास या वाचकाच्या बाजूने कसा दिसतो, ते पाहू.

२/
१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय आणि ख्रिस्ती धर्मविचार हा तिचा आधार. येथे वाचक हा उपदेशाचा धनी होता. त्यानंतर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) आली. आता वाचक मनोरंजनाचा धनी झाला. कादंबरीला त्या काळी 'नावल' असेही म्हणत.

३/
'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत रिसबूडांनी एक प्रांजळ कबुली दिली आहे. आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात चित्तवेधक असे काही घडत नाही, म्हणून वाचकाला रमवायचे तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा तिचा आशय. वाचकाला स्वतःचे घर पुस्तकात पाहण्याची इच्छा नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते.

४/
हे गृहीतक हरिभाऊ आपट्यांनी मोडले. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) रेनल्ड्स या लोकप्रिय इंग्रज कादंबरीकाराच्या आधाराने लिहिलेली होती. पण १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली आणि मध्यमवर्गीय घरातली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगू लागली. राजवाडे नाहीत, राक्षस नाहीत. माजघर, सासर आणि वैधव्य. नित्याच्या आयुष्यातच कादंबरी आहे, हे वाचकांनी मान्य केले.

५/
१९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' हा निबंध लिहिला आणि अद्भुत व वास्तविक असा भेद करून मराठी कादंबरीची झडती घेतली. जुनी दप्तरे धुंडाळत गावोगाव फिरणाऱ्या संशोधकाला हा विषय क्षुल्लक वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

६/
वाचकाचे प्रामाणिक मत नेहमीच कौतुकाचे नसते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी. सुशिक्षित अविवाहित स्त्रियांच्या मनाचे ते उघड बोलणे अनेकांना सोसले नाही. लिखाणाइतकीच चर्चा टोपणनावामागे कोण दडले आहे याची झाली. मालतीबाई बेडेकरांनी ते नाव का पांघरले असावे, हे त्या गदारोळावरूनच कळते.

७/
कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर फडके आणि खांडेकर यांचे पक्ष भांडत असताना वाचनालयांत दोघांनाही मागणी होती. त्याच सुमारास गिरगावात चष्म्यांचे दुकान चालवणारे बाबूराव अर्नाळकर धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांना जन्म देत होते. त्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या. अक्षरओळख झालेल्या कित्येकांना सलग वाचनाची सवय मात्र याच पुस्तकांनी लावली.

८/
एकदा तर वाचकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोवळ्या वयाच्या वाचकावर तिचा काय परिणाम होईल, याचा विचार न्यायाधीशांना करावा लागला. १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. वाचक समजला जातो तितका दुबळा नसतो, असाही त्या निकालाचा अर्थ लावता येतो.

९/
आता कोरपना. हा मुलूख पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि राजुरा निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. सरकारी कारभार उर्दूत, घरात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा नांदेड जिल्ह्यात आले आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडले गेले. पुढे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाची वाट मोकळी केली.

१०/
या जंगलपट्ट्यावर मराठीत कादंबऱ्याही लिहिल्या गेल्या : सुरेश द्वादशीवारांची 'हाकुमी', विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. पुण्यातल्या वाचकाला त्या अनोळखी जगाची ओळख करून देतात. येथल्या वाचकाचे काम वेगळे. मोहफूल कधी वेचतात, तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदार कसा बोलतो, जंगल गार्ड दारात आला की घरात काय होते, हे तो जाणतो. तो पुस्तक आयुष्याशी ताडून पाहतो.

११/
गोंड किंवा कोलाम घरातला वाचक तर हे सारे दुसऱ्या भाषेत वाचतो. आपल्या आजोबांसारखा माणूस पानावर भेटतो, पण मराठीत बोलतो. 'हे खरे वाटते' किंवा 'असे आमच्याकडे कोणी बोलत नाही' एवढेच त्याने म्हटले, तरी ती समीक्षा असते. आजवर समीक्षेच्या ग्रंथांत तिला जागा मिळालेली नाही.

१२/
रिसबूडांना वाटले होते की नित्याच्या जगण्यात कादंबरी नाही. हरिभाऊंच्या वाचकांनी ते खोटे ठरवले. कोणाचे जगणे 'नित्याचे' आणि कोणाचे 'अद्भुत', हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. पुण्याहून अद्भुत दिसणारे जंगल कोरपन्यात रोजचेच असते. आपल्या गावच्या वाचनालयात सर्वांत झिजलेली कादंबरी कोणती आणि तिच्याविषयी आपले खरे मत काय, ते खाली जरूर लिहावे. (समाप्त)