विभाग क्रमांक १०१

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात, फार तर एखादी चळवळ. शाळेत मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. आज मात्र एका खोलीचा इतिहास लिहायचा आहे.

ही खोली मुंबईत आहे, वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात. महापालिकेचं रुग्णालय म्हणजे केसपेपरची रांग आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं हे आलंच. तिथे विभाग क्रमांक १०१ मध्ये 'दिलासा' नावाचं केंद्र आहे. नवऱ्याची किंवा घरच्यांची मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून ते २००० साली सुरू केलं. सरकारी रुग्णालयातच, त्याचा एक विभाग म्हणून चालणारं असं हे देशातलं पहिलं केंद्र.

आता कुणी विचारेल, त्यासाठी रुग्णालयच कशाला? पोलीस चौकी आहे, कोर्ट आहे. पण जरा विचार करून पाहा. चौकीची पायरी चढलेली बाई अख्ख्या गल्लीला दिसते. माहेरी कळवावं तर "थोडं सांभाळून घे" हे उत्तर ठरलेलं. दवाखान्यात जायला मात्र निमित्त लागत नाही. मुलाला खोकला आहे, माझं डोकं दुखतंय, एवढं पुरतं. शिवाय मार खाल्लेली बाई कधी ना कधी तिथे येतेच. कुणाचा पाय मोरीत घसरलेला असतो, कुणी फिनेल 'चुकून' प्यायलेली असते. पूर्वी केसपेपरवर तेवढंच लिहिलं जाई, टाके पडत, आणि बाई परत त्याच घरी.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसतं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी फक्त १४ जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्यांपैकी कितीजणी डॉक्टरसमोर बसून गेल्या असतील, कोण जाणे!

'दिलासा'ने रुग्णालयातल्याच डॉक्टरांना, परिचारिकांना ओळखायला शिकवलं. एकीच्या अंगावर पुन्हापुन्हा जखमा का होतात, नवरा तिच्याऐवजी का उत्तरं देतो, हे पाहायचं. शंका आली तर तिला १०१ मध्ये पाठवायचं. हातात केसपेपर घेऊन जाणारी बाई एक्स-रेला चालली आहे की आणखी कुठे, हे रांगेतल्या कुणाला कळत नाही. या जागेची खरी ताकद मला यात वाटते. रात्री घरी जाण्यात धोका असेल तर 'देखरेखीखाली' म्हणून तिला वॉर्डात एक दिवस ठेवून घ्यायचं, ही सोयसुद्धा त्यातूनच निघाली. म्हणजे रुग्णालयाची खाट हाच निवारा.

आपल्याकडे याला जुना वारसा आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल तिथेच ठेवून जावं. तिचं नाव बाहेर फुटणार नाही, या भरवशावर ते घर चालत होतं. याच सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच साली पुण्यात सोल्जर घरात शिरून तपासण्या करत होते, बायकांनाही बाहेर काढत होते, आणि लोक आपले आजारी लपवत होते. साथीच्या काळात आडोशाचं मोल किती असतं, ते तेव्हाच दिसलं होतं.

मग आला मार्च २०२०. टाळेबंदी. आपण सारे "घरातच राहा, सुरक्षित राहा" असं एकमेकांना कळवत होतो. जिचं घरच सुरक्षित नाही तिने काय करायचं? बाहेर पडायची सगळी निमित्तं एका रात्रीत संपली. लोकल बंद, बाजार बंद, मुलांची शाळा बंद. साध्या तक्रारींसाठी रुग्णालयात जायची तर भीतीच वाटे. फोन करावा तर नवरा शेजारच्या खाटेवर. म्हणून राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपचा नंबर जाहीर केला, म्हणजे न बोलता लिहिता तरी येईल. 'दिलासा'च्या समुपदेशकांनीही फोनवरून बायकांशी संपर्क ठेवला. अशा वेळी "बोलू शकतेस का?" हे आधी विचारावं लागतं आणि पुढचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देता येईल असेच ठेवावे लागतात.

परदेशातही हीच अडचण होती. स्पेनच्या कॅनरी बेटांवर एक युक्ती निघाली. औषधाच्या दुकानात जाऊन 'मास्क-१९' मागायचा. हा परवलीचा शब्द ऐकला की दुकानदाराने मदतीसाठी फोन करायचा. फ्रान्समध्येही मार्चअखेरीस औषधाच्या दुकानांतून मदत मागायची सोय झाली. मला यात १०१ चंच तत्त्व दिसतं, बाहेरून पाहणाऱ्याला ती फक्त औषध घ्यायला गेलेली असते.

साथीने रुग्णालयाच्या जागेचे दोषही उघडे पाडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलं होतं की बाई एकटी असल्याशिवाय तिला हिंसेबद्दल विचारू नये आणि त्यासाठी खाजगी जागा हवी. पण आपल्याकडे खाजगी म्हणजे बहुतेकदा एक पडदा! त्यातून दोघींच्या तोंडावर मास्क, मध्ये अंतर. जी गोष्ट कुजबुजत सांगायची, ती ओरडून कशी सांगणार? खाटा कोविडला गेल्या की रात्रीच्या निवाऱ्याचीही पंचाईत. अनेक निवारागृहं तर कोविड-चाचणीचा अहवाल आणल्याशिवाय आत घेत नव्हती. मारातून पळालेली बाई आधी स्वॅब कुठे देणार?

एक गोष्ट मात्र नकळत बरी झाली. "रुग्णासोबत नातेवाइकांनी आत येऊ नये" हा नियम. साथीपायी का होईना, नवऱ्याला दाराबाहेर थांबवायला कुणाला वाद घालावा लागत नव्हता. हा नियम साथ गेल्यावरही, निदान तपासणीपुरता, सगळीकडे राहायला हवा असं माझं मत आहे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने पीडित बाईला उपचार देणं हे रुग्णालयाचं कर्तव्य ठरवलं. पुढे 'दिलासा'सारखी केंद्रं मुंबईच्या आणखी रुग्णालयांतही निघाली. पण पुढची साथ येईल तेव्हा प्रसूतिगृह जसं बंद करत नाहीत, तशीच ही खोलीही बंद होणार नाही, हे आजच कागदावर ठरायला हवं. तिला लागतं तरी काय? आवाज बाहेर न जाऊ देणारी भिंत, आतून लागणारं दार, हवेला एक खिडकी, दोन खुर्च्या आणि रात्रीपुरती राखून ठेवलेली एक खाट. आणि दारावर इतर दारांसारखाच एक साधा नंबर.

आपल्यापैकी कुणाची सून, लेक, भाची डॉक्टर किंवा नर्स असेल, तर तिला एवढंच विचारा. तुमच्याकडे असं दार आहे का?