व्हॉल्व्हची खरखर आणि तिचा शोध

व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाला गिटार जोडावी, आणि वादकानें तारेला बोटहि लावण्यापूर्वीं कर्ण्यांतून एक घुमणारा स्वर व त्याच्यामागें पावसासारखी सूं सूं ऐकूं यावी, हा अनुभव पुष्कळांचा आहे. हा दोष कोणाचा? कारागिराचा कीं निसर्गाचा? याचें पुरें उत्तर मिळण्यास व्हॉल्व्हच्या जन्मापासून जवळजवळ पाव शतक जावें लागलें.

१९०४ सालीं इंग्लंडांत जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनीं पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्यें अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत जाळी बसविली. जाळीवर आलेल्या क्षीण लहरीनें मोठा प्रवाह कमीजास्त होऊं लागला, आणि दुर्बळ ध्वनि सबळ करण्याचें साधन हातीं आलें. परंतु हें साधन पारख करीत नाहीं. स्वराबरोबर कचराहि तितकाच मोठा होतो.

यंत्र सुधारलें कीं कचरा समूळ जाईल, अशी आशा धरणें स्वाभाविक होतें. १९१८ मध्यें जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनीं ती फोल ठरविली. व्हॉल्व्हांतील प्रवाह ही अखंड धार नसून सुट्या इलेक्ट्रॉनांचा वर्षाव आहे. पत्र्यावरील थेंबांप्रमाणें ते अनियमितपणें पडतात, आणि त्या अनियमितपणाचाच आवाज होतो, असें त्यांनीं दाखविलें. १९२८ मध्यें बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील जे. बी. जॉन्सन यांनीं मोजून सिद्ध केलें कीं, साध्या रेझिस्टरमध्येंहि केवळ उष्णतेमुळें असाच आवाज उत्पन्न होतो. हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित मांडलें. रेझिस्टर कोणत्याहि द्रव्याचा असो, त्याचा रोध व तपमान यांवरच हा आवाज अवलंबून असतो.

घुमणाऱ्या स्वराची जात मात्र निराळी. प्रारंभीं व्हॉल्व्ह बॅटरीवर चालत. ते घरच्या विजेवर चालूं लागले, तेव्हां विजेचीं कंपनेंहि आंत शिरलीं. आपल्याकडे तीं सेकंदाला ५० असतात; प्रवाह एकदिश केल्यावर उरणारी लहर १०० कंपनांची होते. १९३२ मध्यें विद्युत्-गिटार अमेरिकेच्या बाजारांत आली. तिच्या चुंबकाभोंवतालचें तारेचें वेटोळें हा उपद्रव हवेंतूनहि टिपतें. १९५५ मध्यें गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनीं चुंबकाचीं टोकें व वेटोळ्यांची दिशा उलटसुलट ठेवून दोन वेटोळीं जोडण्याची युक्ति केली. त्यामुळें बाहेरचें घुमणें परस्परांत विरतें, आणि तारेचा स्वर मात्र टिकतो.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे दुरुस्तीची वाट सांपडते. प्रथम गिटारची दोरी काढावी. घुमणें थांबलें तर दोष गिटारकडे किंवा दोरींत. नंतर आवाजाची कळ शून्यावर आणावी. तरीहि तें चालूं राहिलें, तर दोष कळीच्या पुढें आहे, मागें नव्हे. १०० कंपनांचें भरदार घुमणें बहुधा जुन्या, सुकलेल्या कंडेन्सरकडे बोट दाखवितें. लांकडी काडीनें हळूच टिचकी मारतांच जो व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजतो, तो बदलावा. कडकड होत असेल, तर सैल बैठक किंवा थकलेला रेझिस्टर पाहावा. पेटी उघडण्याचें काम मात्र जाणत्याचें. वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरमध्यें कित्येकशें व्होल्टांचा जीवघेणा सांठा राहूं शकतो.

एवढें करूनहि कळ पुरी फिरविल्यावर मंद, सारखी सूं सूं राहील. नवनवे व्हॉल्व्ह आणून ती पूर्णपणें जाणार नाहीं, आणि तिच्यासाठीं चांगले व्हॉल्व्ह फेकून देण्याचें कारणहि नाहीं. शॉट्की व जॉन्सन यांनीं जी ओळखली, ती हीच.