कोशिकामृत्यू व नवीकरण
बहुकोशिक प्राण्यांच्या शरीरातील कोशिकांचा (पेशींचा) नियमितपणे होणारा नाश आणि त्यांची जागा नव्या कोशिकांनी भरून निघणे, या परस्परसंलग्न क्रिया. मानवी लघ्वांत्राच्या (लहान आतड्याच्या) अस्तरातील बहुतेक कोशिका सु. ३ ते ५ दिवस, तर रक्तातील तांबड्या कोशिका सु. १२० दिवस टिकतात. मेंदूच्या बाह्यकातील तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) मात्र बहुधा जन्मभर तशाच राहतात. कोशिकेचा मृत्यू हा पुष्कळदा अपघात नसून शरीराच्या रचनेचाच भाग असतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना मान्य होण्यास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

कार्ल फोख्ट यांनी १८४२ मध्ये एका भेकाच्या विकासाचा अभ्यास करताना पृष्ठरज्जूतील कोशिका नाहीशा होतात व त्यांच्या जागी दुसऱ्या कोशिका येतात, असे नोंदविले. व्हाल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये अंडाशयातील ऱ्हास पावणाऱ्या पुटकांत केंद्रकाचे तुकडे होऊन कोशिका मरत असल्याचे वर्णन केले. तथापि रूडोल्फ फिरखो यांच्या १८५८ मधील ग्रंथापासून कोशिकेतील बिघाड म्हणजे रोग, ही दृष्टी विकृतिविज्ञानात दृढ झालेली होती. त्यामुळे निरोगी शरीरातील मृत्यूची ही निरीक्षणे बाजूला पडली.

ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) अनंत काळ नवी होत राहू शकत नाहीत, असे मत आउगुस्ट व्हाइसमान यांनी १८८१ मध्ये मांडले होते. अलेक्सी कॅरल यांच्या प्रयोगाने ते मागे पडले. कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातून १९१२ मध्ये घेतलेले ऊतक त्यांच्या प्रयोगशाळेने व नंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ पर्यंत वाढविल्याचे सांगितले जाई. त्यावरून कोशिका मूलतः अमर आहेत, असा समज रूढ झाला. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये मानवी भ्रूणाच्या कोशिका सु. ५० वेळा दुप्पट झाल्यावर विभागणे थांबवितात, असे दाखवून तो खोडून काढला. कॅरल यांच्या संवर्धात पोषक अर्काबरोबर ताज्या कोशिका मिसळल्या जात असाव्यात, असा तर्क नंतर करण्यात आला.

रेशीम-पतंगाचे विशिष्ट स्नायू ठरलेल्या वेळीच नष्ट होतात, असे आढळल्यावर रिचर्ड लॉकशिन व कॅरल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ‘पूर्वनियोजित कोशिकामृत्यू’ ही संज्ञा योजिली. जॉन केर, अँड्रू वायली व ॲलिस्टर करी यांनी १९७२ मध्ये या प्रकाराला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळणे, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. इजा झालेली कोशिका फुगून फुटते व सभोवती शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण करते. येथे मात्र कोशिका आकसते, तिचे आवरणयुक्त तुकडे होतात आणि शेजारच्या कोशिका ते गिळून टाकतात. त्यामुळे ही घटना सहसा लक्षात येत नाही.

निर्णायक पुरावा एका सूक्ष्म सूत्रकृमीपासून मिळाला. त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या विकासात १,०९० कायिक कोशिका निर्माण होतात व त्यांपैकी ठरावीक १३१ मरतात, असे जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसून आले. हा मृत्यू घडवून आणणारी जीने (आनुवंशिक घटक) रॉबर्ट हॉर्विट्स यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये दाखवून दिली. सल्स्टन, हॉर्विट्स व सिडनी ब्रेनर यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मरणाऱ्या कोशिकांची उणीव मूल कोशिका (विभागून विशेषित कोशिका निर्माण करणाऱ्या कोशिका) भरून काढतात. अस्थिमज्जेतील अशा कोशिकांचे अस्तित्व जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले. भ्रूणाची बोटे सुटी होणे, इजा झालेल्या वा आनुवंशिक द्रव्यात बिघाड झालेल्या कोशिका दूर होणे आणि ऊतकातील कोशिकांची संख्या मर्यादेत राहणे, ही सर्व कोशिकामृत्यूची कार्ये होत. मृत्यू व उत्पत्ती यांचा हा तोल ढळला की रोग उद्भवतो. विशिष्ट लसीका-अर्बुदांत आढळणारे एक जीन कोशिकांची वाढ जलद करीत नसून त्यांचे मरण रोखते, असे डेव्हिड व्हॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले. या जीनाच्या प्रथिनाला निष्प्रभ करून रोगट कोशिकांना पुन्हा मरणक्षम करणाऱ्या ‘व्हेनेटोक्लॅक्स’ या औषधाला अमेरिकेत २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरण्यास मान्यता मिळाली.