लेनेकची नळी आणि माझी जुनी गाडी

फील्डवर्कला गडचिरोलीला जायचं म्हणून सेकंडहँड गाडी घेतली. चंद्रपूर-मूल रस्त्यावर जंगल लागलं, गर्दी संपली आणि घूं घूं असा आवाज ऐकू यायला लागला. गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगून टाकलं, "गिअरबॉक्स गेला." खर्च ऐकून मला लेनेक आठवला.

१८१६ मध्ये पॅरिसच्या या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली. तोच पहिला स्टेथोस्कोप. पण त्याचं मोठं काम पुढचं आहे. ऐकलेला आवाज तो नोंदवायचा, आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात ताडून बघायचा. १८१९ मधला त्याचा ग्रंथ या पडताळणीवर उभा आहे. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावणारा मेकॅनिकही त्याच वाटेवरचा.

मग मीही वही काढली. एका वेळी एकच बदल करायचा. वेग वाढला की आवाज वाढतो. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केली, तरी तसाच. म्हणजे इंजिन सुटलं. डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे कमी होतो. डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून संशय तिथे. पुढचं उजवं चाक खोललं तर बेअरिंग खराब! गिअरबॉक्स ठणठणीत.

कान फक्त संशय देतो. निष्कर्ष लिहायचा तो खोलून बघितल्यावरच.