टिकाऊ जोड्याची किंमत कोण मोजतो?

महागडा, चांगल्या बांधणीचा जोडा दीर्घकाळात परवडतो का, हा प्रश्न वरवर पाहता घरखर्चाच्या वहीतला वाटतो. किमतीला वर्षांनी भागावे आणि जे उत्तर येईल ते स्वीकारावे. परंतु हा हिशेब मांडायचा तर जोड्याला नगामागे ठरलेली रोख किंमत असावी लागते, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत ती फार जुनी गोष्ट नाही. म्हणून हा प्रश्न कोल्हापुरी वहाणेच्या निमित्ताने थोडा मागे नेऊन पाहण्यासारखा आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आले आहे, ते मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. चांभार हा बलुतेदारांपैकी एक. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा घ्यायचा आणि त्या बदल्यात वर्षभर कुणब्याची चामड्याची कामे पाहायची, असा हा व्यवहार होता. मोटेला ठिगळ लावणे, वहाणेचा तुटलेला अंगठा शिवणे ही कामे त्यात गृहीत असत. नव्या जोड्याबाबत गावोगावची रीत वेगळी असे, पण दुरुस्तीचे वेगळे पैसे मोजण्याचा प्रश्न सहसा येत नसे. या व्यवस्थेचा एक परिणाम तर्काने सहज लक्षात येतो. वहाण वारंवार तुटली तर कुणब्याचा खर्च वाढत नसे, चांभाराचे श्रम मात्र वाढत. वहाण भक्कम करण्यात करणाऱ्याचाच फायदा होता. आजच्या बाजारात हे नाते उलटले आहे. जोडा लवकर फाटला तर विकणाऱ्याचे दुसरे गिऱ्हाईक तयार होते.

इथे जुन्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचा मोह पडतो. तो आवरला पाहिजे. त्या टिकाऊपणाची किंमत कोणीतरी मोजतच होते. मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे आणि वहाणा शिवण्याचे चांभारांकडे, अशी जातवार वाटणी होती. जे चामडे गावाच्या पायांत मिरवत होते, ते हाताळणारे हात गावाला विटाळ वाटत होते. अनेक गावांत दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. वाटा किती मिळणार हे देणाऱ्याच्या मर्जीवर आणि पावसावर अवलंबून असे. ‘बलुतं’ हा शब्द १९७८ साली दया पवारांच्या आत्मकथनाचे शीर्षक झाला तेव्हा त्याच्यातला अपमान मराठी वाचकाला प्रथमच एवढ्या ठसठशीतपणे जाणवला. कुणब्याला वहाण ‘परवडत’ होती, कारण तिच्या खर्चाचा मोठा भाग दुसऱ्याच्या वाट्याला टाकलेला होता.

कोल्हापुरी वहाणेची पारंपरिक बांधणी पाहिली की हा खर्च कशाचा ते कळते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कातडे कमावले जाई, आणि त्याला दिवस नव्हे तर आठवडे लागत. तळासाठी म्हशीचे जाड चामडे, वरच्या पट्ट्यांसाठी बकऱ्याचे मऊ चामडे. तळाचे थर, कान, पट्टा, अंगठा हे सारे भाग चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. यामुळे तिचा एखादा भाग झिजला तर तेवढाच उसवून पुन्हा शिवता येतो. अशी वहाण वर्षानुवर्षे चालते, पण काही अटींवर. तिला पाण्यापासून जपावे लागते, अधूनमधून तेल द्यावे लागते आणि मुख्य म्हणजे रापी-आरी घेऊन बसलेला माणूस जवळपास असावा लागतो. टिकाऊपणा हा केवळ वस्तूचा गुण मानण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात तो वस्तू, वापरणारा आणि दुरुस्त करणारा या तिघांत वाटलेला असतो.

याच्या अगदी उलट टोकाचा विचार युरोपातून आला. १८९४ साली झ्लीन या गावी टोमास बाटा यांनी भावंडांसह जोड्यांचा कारखाना सुरू केला आणि १९२२ च्या मंदीत आपल्या मालाच्या किमती निम्म्यावर आणून बाजारपेठ काबीज केली. १९३१ साली ही कंपनी भारतात नोंदली गेली. कलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले. पुढे कॅनव्हासचे आणि रबरी तळाचे जोडे गावोगावी पोहोचले. कारागिरांच्या दृष्टीने ही आपत्ती होती, यात शंका नाही. तथापि एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. देशातली बहुसंख्य माणसे तोवर अनवाणी चालत होती. रोख पैसे देऊन दुकानातून जोडा आणता येणे, तो कोणासमोरही पायांतून न काढणे, आणि ज्याने जोडा केला त्यालाही खळ्यावर हात पसरावा न लागणे, या तिन्ही गोष्टींना मुक्तीचा स्पर्श आहे. स्वस्त जोड्यावर टीका करताना पायांत आधीपासून जोडा असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्वस्ताईची दुसरी बाजू इंग्रजी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी ‘मेन ॲट आर्म्स’ (१९९३) या विनोदी कादंबरीत फार नेमकेपणाने मांडली आहे. तिच्यातल्या सॅम्युअल व्हाइम्स या पहारेकऱ्याचा हिशेब असा : पन्नास डॉलरांचे बूट दहा वर्षे टिकतात, दहा डॉलरांचे एकदोन हंगामांत फाटतात. एकरकमी पन्नास डॉलर ज्याच्याजवळ नाहीत, तो दहा वर्षांत शंभर डॉलर घालवतो आणि तरीही त्याचे पाय ओलेच राहतात. ‘स्वस्त घ्या आणि पुन्हापुन्हा रडा’ हे आपल्याकडेही ऐकवले जाते. पण ते उपदेश म्हणून. जणू गरिबाला शहाणपण कमी आहे. प्रॅचेट दाखवतात की कमतरता शहाणपणाची नसून हाताशी असलेल्या रकमेची आहे.

या हिशेबातही एक अट अध्याहृत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विकसित झालेल्या ‘गुडइयर वेल्ट’ पद्धतीच्या बुटात वरचा भाग आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी शिवलेली असते. तळ झिजला की वरच्या भागाला धक्का न लावता तो बदलता येतो. चांगला बूट दहा वर्षे टिकतो तो असा दुरुस्त होत होत. आज बाजारातले पुष्कळ महाग जोडे मात्र ओतीव तळाला चिकटवलेले असतात. ते फुटले की नाक्यावरचा चांभारही हात टेकतो. तेथे आपण टिकाऊपणाचे पैसे मोजलेले नसतात, नावाचे मोजलेले असतात. म्हणून मूळ प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर एवढेच देता येईल : जो जोडा उसवून पुन्हा शिवता येतो आणि ज्याला शिवणारा मिळतो, तो महाग असला तरी परवडतो, नुसती किंमत कशाचीच हमी देत नाही.

उरतो तो शिवणाऱ्याचा प्रश्न. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले; महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे तशाच घाटाच्या चपला मूळचा उल्लेख न करता सादर केल्या, टीका झाल्यावर प्रेरणास्थान मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या करारातून २००० जोड तयार व्हायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो असायची, असे तेव्हा सांगण्यात आले. जी वस्तू एके काळी मूठभर धान्यावर शिवली जाई, तिचे हे मोल पाहून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या मोलातला किती भाग आरी धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो, हे विचारल्यावाचून तो अभिमान अपुरा आहे.

बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरण चळवळीत हरळय्याची कथा सांगितली जाते. बसवेश्वरांनी आपल्या नमस्काराला दुहेरी नमस्काराने उत्तर दिले, हे ऋण फेडण्यासाठी या चांभार दांपत्याने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या पादुका करून त्यांना अर्पण केल्या. बसवेश्वरांनी त्या पायांत घालण्यास नकार दिला. दंतकथा म्हणून ती बाजूला ठेवली तरी तिच्यातली जाणीव खरी आहे. उत्तम जोड्यात करणाऱ्याच्या देहाचा अंश उतरतो, हे त्या कथेला ठाऊक आहे. बलुत्याने ती किंमत करणाऱ्यावर टाकली आणि स्वस्त बाजाराने पुन्हापुन्हा खरेदी करणाऱ्या गरिबावर. ज्याला परवडते, त्याने ती सरळ स्वतः मोजावी आणि दुरुस्तीच्या वेळी नाक्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. टिकाऊ वस्तू टिकवणारा माणूस टिकला, तरच तिचा हिशेब जुळतो.