कुंडीतील भाजीपाला व बेरीवर्गीय फळांची लागवड

कुंडी, पिशवी, गोणी, डबा, पिंप किंवा तत्सम भांड्यात माती अथवा मातीसदृश मिश्रण भरून घरच्या घरी भाज्या व लहान फळे पिकवण्याच्या पद्धतीला कुंडीतील लागवड म्हणतात. गच्ची, सज्जा, ओटा, अंगण किंवा खिडकीची जाळी यांपैकी कोणत्याही जागी ही लागवड करता येते. परसबागेत पीक जमिनीत असते. कुंडीत मात्र मुळांना मिळणारी माती, पाणी व अन्नद्रव्ये भांड्याच्या आकारापुरती मर्यादित राहतात. या पद्धतीचे बहुतेक फायदे आणि जवळजवळ सर्व अडचणी याच एका मर्यादेतून उद्भवतात.

महाराष्ट्रात ही पद्धत प्रामुख्याने शहरी छंद म्हणून ओळखली जाते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांसारख्या भागांत तिचे स्वरूप वेगळे असून तेथे तिचा संबंध घरच्या आहाराशी आणि उन्हाळ्यातील पाण्याशी येतो.

इतिहास

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करण्यास प्रवृत्त केले. वाळलेला पाला, ओला पाला, शेण व थोडी माती यांपासून तयार होणारी अमृतमाती ही संकल्पना याच परंपरेतली आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, डबे व पिंपांत उसाची चिपाडे आणि घरातील ओला कचरा भरून भाज्या व फळे घेतली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास सुरू झालेली बाग विशेष प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरातील कचरा बाहेर न टाकता गच्चीवरच जिरवणे, हा त्या बागेमागील मूळ हेतू होता.

डहाणू–तलासरी परिसर

वेवजी हे तलासरी तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे गाव आहे. पलीकडे उंबरगावचा औद्योगिक पट्टा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात आला. परिसरात वारली व इतर आदिवासी समाजांची वस्ती मोठी असून भात हे मुख्य पीक आहे. किनाऱ्यालगत घोलवड, बोर्डी व डहाणू येथे चिकूच्या वाड्या आहेत.

कुडाच्या घराशेजारी दुधी, शिराळी, काकडी किंवा वालाचा वेल लावून तो मांडवावर अथवा थेट छपरावर चढवण्याची रीत येथे जुनी आहे. पावसाळ्यात रानभाज्याही मिळतात. त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात हिरव्या भाजीची फारशी चणचण नसते. ती जाणवते फेब्रुवारीनंतर. पाऊस भरपूर असला तरी जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून वाहून जातो. भाताच्या कापणीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी स्थलांतर करतात, आणि मागे राहणाऱ्यांना पाणी दुरून आणावे लागते. कुंडीतील लागवडीचा खरा उपयोग याच महिन्यांत आहे. मोकळ्या जमिनीवर ओतलेले पाणी आजूबाजूला पसरून जाते, तर कुंडीत ते मुळांपाशी राहते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना थेट देता येते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र वापरू नये, कारण त्यातील क्षार लहान भांड्यात साचत जातात.

या फायद्याला मर्यादा आहे. वीस लिटरच्या कुंडीतील फळावर आलेले टोमॅटोचे झाड एप्रिल–मेमध्ये दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज घेते. अशा दहा कुंड्या म्हणजे रोज डोक्यावरून आणायचा एक-दोन हंडे जादा पाणी, आणि ते बहुधा घरातील स्त्रियाच आणतात. त्यामुळे उन्हाळ्यात धुण्याच्या पाण्यावर जगतील एवढ्याच, तीन-चार कुंड्या ठेवणे व्यवहार्य ठरते. कुंडीच्या मध्यभागी भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले छोटे मडके पुरून त्यात पाणी भरल्यास (मटका सिंचन) ते हळूहळू पाझरते व बाष्पीभवनाने वाया जाणारे पाणी वाचते. मातीवर भाताच्या पेंढ्याचे आच्छादनही उपयोगी पडते.

कोसबाड येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शाळांच्या आवारात परसबाग करण्याची तरतूद असून, जागा खडकाळ किंवा फरसबंद असलेल्या शाळांना तेथे कुंड्या व गोण्यांचा पर्याय वापरता येतो.

भांडी

मातीची कुंडी हवा खेळती ठेवते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकच्या कुंडीत पाणी अधिक टिकते. ग्रामीण भागात खताची किंवा सिमेंटची रिकामी गोणी स्वच्छ धुऊन वापरली जाते. हळद, आले व सुरण गोणीत चांगले वाढतात. पालेभाज्यांना १५ ते २० सेंटीमीटर खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटो व भेंडी यांना किमान ३० सेंटीमीटर, तर दुधी व शिराळ्याला ४० ते ५० लिटरचे भांडे लागते. तळाशी छिद्रे नसलेले भांडे निरुपयोगी आहे. कोकणातील पावसात बंद तळाच्या कुंडीतील मुळे काही दिवसांतच कुजतात, म्हणून पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून ठेवतात.

भंगाराच्या दुकानात मिळणारी निळी पिंपे स्वस्त असतात, परंतु त्यांत पूर्वी काय भरले होते हे बहुधा कळत नाही. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात हा धोका अधिक आहे. रसायने, रंग, कीटकनाशके किंवा वंगण तेल ठेवलेल्या भांड्यात, ते कितीही धुतले तरी, खाण्याचे पीक घेऊ नये. खाद्यतेलाचे डबे किंवा पिण्याच्या पाण्याचे जुने पिंप वापरणे सुरक्षित आहे.

वजनाचाही विचार करावा लागतो. ओल्या मातीने भरलेली वीस लिटरची कुंडी तीस किलोंच्या पुढे जाते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. अशा भागात गच्चीच्या कठड्यावर किंवा दाराच्या वर कुंड्या न ठेवता त्या जमिनीवर वा ओट्यावर ठेवणे इष्ट.

माती व खत

भातखाचरातील चिकण माती एकटी कुंडीत भरल्यास ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते व भांड्याच्या कडेपासून सुटते. मग दिलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. म्हणून माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट, भाताचे तूस किंवा कुजका पाला साधारण समप्रमाणात मिसळतात. कोकोपीट वापरापूर्वी दोन-तीन वेळा धुवावे, कारण त्यात क्षार असू शकतात.

शेण व पाला फुकट मिळतो असे लागवडविषयक पुस्तिकांत अनेकदा गृहीत धरलेले असते. या भागात ते पूर्णतः खरे नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी (राब) शेण, पालापाचोळा व फांद्या गोळा केल्या जातात आणि त्यांना तेथे आधी मागणी असते. चिकूच्या वाड्यांतील गळलेला पाला व स्वयंपाकघरातील ओला कचरा हे त्यामानाने सहज मिळणारे स्रोत आहेत.

वारंवार पाणी दिल्याने कुंडीतील अन्नद्रव्ये वाहून जातात. त्यामुळे दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत किंवा पातळ केलेले जीवामृत द्यावे लागते.

हंगाम व पिके

पावसाळ्यात दुधी, शिराळी, कारली, काकडी व अळू ही पिके घेतात. मिरची, वांगी व टोमॅटोची रोपे गणपतीनंतर लावल्यास हिवाळ्यात फळे मिळतात. मेथी, कोथिंबीर, मुळा व पालक यांना थंडी मानवते. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी व लाल माठ तग धरतात. फळभाज्यांना दररोज किमान सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांचे चार तासांत भागते.

बेरीवर्गीय फळे

वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनुसार टोमॅटो, वांगी व मिरची याच खऱ्या 'बेरी' ठरतात आणि स्ट्रॉबेरी ठरत नाही. व्यवहारात मात्र लहान, रसाळ फळांना बेरी म्हणतात.

स्ट्रॉबेरीला १५ ते २० सेंटीमीटर खोली पुरत असल्याने ती कुंडीसाठी सोयीची आहे. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीमुळे हे फळ महाराष्ट्रात परिचित झाले. स्वीट चार्ली, विंटर डॉन व कॅमारोसा हे तेथील काही वाण होत. सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये रोपे लावतात. रोपाचा गाभा मातीत गाडला गेल्यास ते कुजते. फुलोऱ्यासाठी थंड रात्री लागत असल्याने किनारपट्टीवर हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच असतो, फळे लहान राहतात आणि उन्हाळ्यात रोपे सहसा मरतात. येथे ती हौसेचे पीक समजावी.

या हवामानाला रसभरी अधिक अनुकूल आहे. कागदी आवरणात येणारे हे पिवळे फळ मुंबईच्या बाजारात 'रासबेरी' नावानेही विकले जाते, मात्र युरोपातील रास्पबेरीशी त्याचा संबंध नाही. ते टोमॅटोच्या कुळातील आहे. बियांपासून रोप तयार होते व वीस लिटरच्या कुंडीत चांगले फळते. तुतीची हातभर फांदी पावसाळ्यात खोचली तरी मुळे फुटतात. छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवर फळे लागतात, त्यामुळे ४० लिटरच्या पिंपातही झाड आटोपशीर ठेवता येते. करवंद हे या भागातील डोंगरांवरचेच फळ. ते कुंडीत जगते, परंतु सावकाश वाढते, आणि शेजारच्या रानात उन्हाळ्यात करवंदे मिळत असताना काटेरी जाळी दारात वाढवण्याचे कारण सहसा उरत नाही. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती व दीर्घ थंडी लागते. कुंडीत मातीची आम्लता राखता आली तरी कोकणात थंडी मिळत नाही.

कीड व आरोग्य

मावा, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण या नेहमीच्या किडी आहेत. त्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एक लिटर पाण्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, संध्याकाळी फवारतात. कारली व काकडीवरील फळमाशीसाठी कोवळ्या फळांना कागदी पिशवी बांधणे अधिक परिणामकारक ठरते. कुंडीखालील ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, म्हणून ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासाव्या लागतात. पावसाळ्यात त्या काढून ठेवणेच सोपे पडते.